आवाज मधोमध

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे काटेसाहेब म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. समोरच्याला जरासुद्धा सूट द्यायची नाही, हा त्याचा खाक्या. घरातही तेच. चहा थंड झाला तर तो बायकोला किती वाजता उतरवला हे विचारी, आणि तिने सांगितलेली वेळ त्याला कधी पटत नसे.

निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा त्याला गाणी ऐकायला खोली हवी झाली. घरात मोकळी खोली नव्हती. मागच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चाले. त्याने एका सकाळी तिची मशीन स्वयंपाकघरात ढकलली, आणि उजव्या भिंतीची कापडाच्या गठ्ठ्यांनी ठासून भरलेली मांडणी बोळात काढली.

"विचारलंत का?" ती म्हणाली.

"माझ्या घरात मी कुणाला विचारू?"

दोन स्पीकर आले. दोन्ही बाजूच्या भिंतींपासूनचं अंतर त्याने टेप लावून तीनदा मोजलं. खुर्ची बरोबर मध्ये. तरी गाणाऱ्या बाईचा आवाज समोरून येईना, उजवीकडे सरके. त्याने दुकानदाराला फोनवर चोर म्हटलं, स्पीकर बदलून आणले. आवाज उजवीकडेच.

आणि शनिवारी पाचला कचेरीतले चौघे यायचे होते. "डोळे मिटा, बाई समोर उभी राहील," असं त्याने महिनाभर त्यांना ऐकवलं होतं. आता त्याच चौघांसमोर तोंडघशी पडायची वेळ आली होती.

शनिवारी दुपारी तीनला नाइलाजाने त्याने मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा रेडिओ दुरुस्त करायचा. दोघांचं कधी पटलं नव्हतं.

"आधी कान तपासलेत का, भावोजी?"

"तू यंत्र तपास."

मेव्हण्याने दोन्ही स्पीकर वायरींसकट आपसात बदलले. आवाज उजवीकडेच. मग खुर्ची मागे फिरवली. आता आवाज डावीकडून, म्हणजे त्याच भिंतीकडून. म्हणजे स्पीकर ठीक, कानही ठीक. त्याने डाव्या भिंतीजवळ टाळी वाजवली. तिथे खिडकीचा जाड पडदा होता, टाळी विझली. उजव्या उघड्या भिंतीजवळ वाजवली, तर खणखणली.

"पडदा आवाज गिळतो, भिंत परत फेकते. इथे काही होतं का आधी?"

दाराशी उभ्या त्याच्या बहिणीने उत्तर दिलं. "माझं कापड होतं."

"मग तेच लागतं. टेपने अंतर मोजलंत, भावोजी. भिंतीवर काय आहे ते कोण बघणार?"

काटेसाहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घड्याळात चार वाजून गेले होते. "आण ती मांडणी," तो बायकोला म्हणाला.

"नुसत्या मांडणीला हात लावून बघा. मांडणी येईल ती मशीनसकट."

"चौघं येतायत!"

"येऊ देत. माझं काम थांबणार नाही."

तो मेव्हण्याकडे वळला. मेव्हणा वायर गुंडाळत बसला होता, मान वर न करता. शेवटी काटेसाहेबाने मांडणीचं एक टोक स्वतः उचललं. दुसरं मेव्हण्याने उचललं, आणि मुद्दाम हळूहळू चालला. मग मशीन आली.

पाचला चौघे बसले. तबकडी फिरली. आवाज खरोखर मधोमध आला, अगदी समोर, जणू बाई दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. काटेसाहेबाने डोळे मिटले. तेवढ्यात उजवीकडे मशीन खडखडू लागली.

"बंद कर ते!"

"खोली माझी," ती धागा तोडत म्हणाली. "पुन्हा बोलाल तर कापड नेईन."

चौघांतल्या सर्वांत कनिष्ठ कारकुनाने डोळे उघडले. "साहेब, बाई समोर आहे हे मान्य. पण मशीनमुळे काटा जरा उजवीकडे झुकतोय."

चौघेही हसले. काटेसाहेबाने आवाज वाढवला. बायकोने पायाची गती वाढवली.