बठ्ठं काढी टाका

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल!

इथे धुळ्यात आमच्या गल्लीत एक डेकोरेशनवाले भाऊ आहेत. कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवर टकटक करतात, मग एक डोळा मिटून खोली बघतात आणि बशीत चहा ओतता ओतता सल्ला देतात. पारोळ्याची मंडळी ताईला बघायला येणार म्हणून आईने त्यांना बोलावलं. शोकेसमधल्या बाहुल्या, प्लास्टिकची द्राक्षं बघून ते म्हणाले, "बठ्ठं काढी टाका. घरले दम लेऊ द्या."

आम्ही पुण्याहून नवीन आलेलो. पण मला अहिराणी येते ना! 'बठ' म्हणजे बस, म्हणून 'बठ्ठं' म्हणजे बसायचं सामान. त्या शब्दाचा अर्थ 'सगळं' असा आहे, हे मला कुठे माहीत! आई पोह्यांत गुंतलेली असताना मी सोफा, खुर्च्या शेजारी नेऊन ठेवल्या. द्राक्षं जागेवर!

मंडळी दारात आली. आई पांढरीफटक, ताई रडायच्या बेतात. तेवढ्यात भाऊ आले. एक डोळा मिटून त्यांनी रिकामा हॉल बघितला, सतरंजी अंथरली आणि स्वतःच मांडी घातली.

"या आबा, बठा. डिझाईनच अशी शे."

मुलाचे आबा भिंतीला टेकून बसले. "बरं झालं, सोफावर मना पाय लोंबकळतस," म्हणाले आणि दुसरा चहा मागितला. ताईचं जमलं!

आता भाऊ अख्ख्या गल्लीला सोफे काढायला सांगतायत आणि मी गप्प. तुम्हीही कधी अर्ध्या कळलेल्या शब्दावर असं घर सजवलंय का हो?