नावेतले नौदलाचे काका

उमरखेडकडच्या एका धरणाचं पाणी नावेतून ओलांडताना ते काका मला भेटले. पुन्हा कधी दिसले नाहीत. ताठ कणा, पांढऱ्या मिशा आणि सारखी आभाळाकडे लागलेली नजर. नौदलातून अधिकारी म्हणून निवृत्त झालो, एवढंच त्यांनी सांगितलं.

मध्यावर वारा सुटला. नाव कलंडू लागली, पाणी आत आलं. मांडीवरच्या लेकीला मी इतकं आवळलं की ती रडायलाच लागली. लोक घाबरून उभे राहिले, तसे काका गरजले, "बसा खाली! उठसान त सारेच बुडसान!"

सगळे मटकन बसले. मग ते नावाड्याला शांतपणे म्हणाले, "नावेचं तोंड वाऱ्याकडे कर बाबू. घाई नोको करू." काठ लागेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

उतरल्यावर मात्र त्यांना चपलेचा पट्टा लावता येईना. हात लटलट कापत होते. मी वाकून पट्टा लावला आणि विचारलं, "काका, तुम्हालाही भीती वाटली?"

"भेव त जहाजावरही लागे, पोरी," ते म्हणाले. "पण तिथं हाताखालचे पोरं माह्या तोंडाकडे पाहत. म्हणून कापाचं राहूनच गेलं."