बंद खोलीतली तीन पिल्लं

तिच्या नवऱ्याला कारखान्यात कुलूपवाला म्हणत. हुद्दा फिटरचा. यंत्राच्या पोटात हात घालण्याआधी तो मेन स्विच बंद करी, त्यावर स्वतःचं कुलूप घाली आणि किल्ली खिशात टाकी. बाकीचे फिटर सोबत्याला "जरा स्विचकडे बघ रे" म्हणून भागवत. हा नाही. साधा पट्टा बदलायचा असला तरी कुलूप. शेजारच्या लेथवरचा टर्नर त्याला छेडायचा, "घरी बायकोलाही कुलूप घालून येतोस काय?"

"तिला सांगितलेलं कळतं. तुझ्यासारखी नाही ती."

हे तो घरी येऊन सांगे आणि ती हसे. त्याची दहाही बोटं शाबूत होती. त्या खात्यात ही लहान गोष्ट नव्हती.

आता दोघंही निवृत्त होऊन घरी बसलेत. जुने दिवस निघाले की तिला आधी तो पहिला उन्हाळा आठवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक पंखा. ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. सकाळी दोघं एकदमच बाहेर पडत आणि उन्हं कलल्यावर परतत.

एका शनिवारी तो हत्यारांची पिशवी छातीशी धरून आला. पिशवी कुंईकुंई करत होती. कारखान्याच्या गेटवर कुत्री ट्रकखाली सापडली होती. मागे तीन पिल्लं राहिली, नुकतीच दुधात कुस्करलेला पाव खायला लागलेली. "ही ब्याद संध्याकाळच्या आत बाहेर काढा," फोरमन म्हणाला होता.

"अहो, आपण दिवसभर घरात नाही. यांना बघणार कोण?"

"बघायलाच लागू नये, असं करतो."

लहानपणी तिचं पिल्लू पाण्याच्या टाकीत बुडालं होतं. ती शाळेत होती तेव्हा. परतल्यावर तिनंच त्याला बाहेर काढलं.

"ठेवू या," ती म्हणाली. "पण यातलं एक जरी गेलं, तर उरलेली त्याच दिवशी दुसऱ्याला द्यायची. मला पुन्हा तसं सोसायचं नाही."

"कबूल."

त्यानं नावं ठेवली नट, बोल्ट आणि वॉशर. वॉशर सगळ्यांत बारका, एक कान पांढरा.

रविवारी तो जमिनीवर पालथा पडला आणि कोपरांवर सरपटत दोन्ही खोल्या फिरला. म्हणे, पिल्लाच्या डोळ्यानं घर बघायचं. खाटेखाली तिची हरवलेली शिवणाची सुई निघाली. मोरीत फिनेलची बाटली, बूच सैल. भरलेली बादली. दाराआड प्लास्टिकच्या पिशव्या. कपाटामागे पिल्लू अडकेल एवढी फट. त्यानं फट फळीनं बुजवली, बादली पालथी घातली, बाटली माळ्यावर टाकली, चपला खुंटीला टांगल्या.

"आता मलाही टांगा कुठंतरी," ती म्हणाली.

"तू चावण्यातली नाहीस."

"हे कुणी सांगितलं?"

सोमवारी निघताना त्यानं दोन्ही खिडक्या लावल्या. पिल्लू खाटेवरून खिडकीत चढलं की थेट खाली पडायचं, ही भीती. पिल्लं वायर कुरतडतील म्हणून मेन स्विच खाली ओढला आणि खटकन आपलं कुलूप घातलं. काही राहिलं नाही, असं दोघांनाही वाटलं. ती निर्धास्त मनानं कामावर गेली.

जेवणाच्या सुट्टीआधी लॉन्ड्रीतला हवा ओढणारा पंखा बंद पडला. खोली वाफेनं भरली. शेजारच्या टेबलावरची बाई इस्त्री हातात घेऊनच खाली बसली. तिला बाहेर नेलं, तोंडावर पाणी मारलं. दार उघडल्यावर वारा लागला आणि त्याच वाऱ्यात हिला घरच्या खोल्या आठवल्या. वर पत्र्याचं छप्पर. खिडक्या बंद. पंखा बंद.

मुकादमीण म्हणाली, "अर्ध्या दिवसाचा खाडा लागेल."

"लावा," म्हणून ती निघाली ती धावतच.

नट आणि बोल्ट फरशीला पोट चिकटवून धापा टाकत होते. पाण्याचं भांडं उपडं. वॉशर भिंतीशी आडवा, जीभ बाहेर, हाक मारली तरी मान उचलेना. तिनं खिडक्या सताड उघडल्या. स्विचकडे गेली. कुलूप. किल्ली कारखान्यात, नवऱ्याच्या खिशात. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला भरपूर शिव्या दिल्या.

मग कामाला लागली. माठातलं गार पाणी घेतलं नाही. लॉन्ड्रीत कुणी भोवळ येऊन पडलं की नळाचंच पाणी आणि वारा, एवढं तिला ठाऊक होतं. वॉशरचं पोट आणि पंजे भिजवले, ओल्या फडक्यावर ठेवलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. हात भरून आला की दुसरा हात. दोन्ही भरून आले तरी थांबली नाही. किती वेळ गेला, कळलं नाही. शेवटी तिच्या ओल्या बोटावरून एक इवली जीभ फिरली.

तो आला तेव्हा तिन्ही पिल्लं खिडकीखाली झोपली होती. तिनं ती बाहेर गॅलरीत नेली. मग खिडक्या लावल्या.

"इथं झोपा. फरशीवर."

"अगं, काय झालं?"

"झोपा म्हटलं ना."

तो झोपला. तिनं बाहेरून दार ओढून घेतलं. अर्ध्या तासानं उघडलं तेव्हा तो घामानं निथळत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो वॉशरजवळ उकिडवा बसला आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"यंत्र बंद केलं की ते सुरक्षित," तो म्हणाला. "मी तेवढंच शिकलो."

"यंत्राला दम लागत नाही."

त्यानं मंगळवारी रजा टाकली. कधी टाकत नसे. सगळ्या वायरी छतालगत नेल्या, खिडक्यांना जाळी ठोकली, पाण्याचं जड भांडं आणून कोपऱ्यात बसवलं. पंखा चालू ठेवला. तिनं सगळं बघितलं आणि म्हणाली, "चांगलंय. पण दुपारी एकदा माणसानं डोकवायला पाहिजे."

हे त्याला जड गेलं. स्वतःचं काम त्यानं कधी दुसऱ्याच्या भरवशावर टाकलं नव्हतं. तरी दाराची किल्ली घेऊन तो जिना उतरला आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेला.

"दुपारी मी झोपतो," शिंपी म्हणाला.

"पाच मिनिटं, आजोबा. पाणी बघायचं, तिन्ही हलताहेत ना ते बघायचं."

"आणि हलत नसली तर?"

"तर मला फोन करा. कारखान्यात."

"बघू," शिंप्यानं सुईत दोरा ओवत म्हटलं.

या "बघू"नं तिचा बुधवार खाल्ला. लॉन्ड्रीत दोन चादरी करपता करपता वाचल्या. सुटल्याबरोबर ती निघाली आणि एका दमात जिना चढली. आतून आवाज नव्हता. दार नुसतं लोटलेलं.

शिंपी पंख्याखाली फरशीवर आडवा झाला होता आणि घोरत होता. नट त्याच्या काखेत, बोल्ट पायांशी. वॉशर तेवढा जागा होता. शिंप्याच्या गळ्यातला टेप त्यानं निम्मा चघळून संपवला होता आणि उरलेला नेटानं ओढत होता.

तिनं कुणालाच उठवलं नाही. उंबऱ्यावर बसून ती बघत राहिली.