लंबकाचे वीस झोके

प्रयोगशाळेच्या टेबलावर सात मोबाइल आहेत, अकरावीच्या मुलांकडून काढून घेतलेले. पाच बंद, दोन मधूनच थरथरतात. शेजारी स्टँडला टांगलेला लंबक, मीटरभर दोऱ्याचा. स्थिर. वीज नाही, त्यामुळे पंखाही बंद. मी हातावर डोकं टेकते. डोळे मिटले की नाही, नक्की सांगता येत नाही.

"काऊन वं नूपुर, शाळेत झोपली?"

समोरच्या स्टुलावर इंगोले सर बसलेत. महिन्यापूर्वी गेले ते. मी त्यांची विद्यार्थिनी. आता त्यांचेच तास मी तासिका तत्त्वावर घेते.

"मोकळा तास आहे, सर."

"पोरं भांडली म्हणे."

"तुमच्यावरूनच. तुम्ही दवाखान्यात जिवंत होता, तेव्हाच सुमेध गवईनं वर्गाच्या ग्रुपवर तुमच्या निधनाचा मेसेज टाकला. दोन दिवसांनी तुम्ही खरंच गेलात. पोरं म्हणतात, सर त्या धक्क्यानं गेले, यानंच मारलं. आज त्याची कॉलर फाडली. अफवा पसरवणाऱ्याचं नाव मी प्राचार्यांना लेखी द्यायचंय. दिलं की त्याला काढतील."

स्टुलाची आता लोखंडी खाट झालीय. सलाइन ठिबकतंय. सर हसतात.

"आमच्या हिला तर फोन आले, किती वाजता नेणार म्हणून. मी म्हटलं, सांग, त्यांचा चहा व्हायचाय अजून."

"म्हणजे धक्का नाही बसला?"

"माझ्यावर नको विसंबू. मी मेलेला माणूस. सुमेधला विचारलं?"

"विचारलं, का टाकलास म्हणून."

"हे रागावणं झालं. कुठून आला, ते विचार."

खाट वर्गाच्या मधोमध आहे. भोवती मुलं तोंडं उघडून ओरडताहेत, आवाज मात्र येत नाही. सर उठून लंबक ओढतात आणि सोडतात. त्यांचा जुना नियम: वाद पेटला की लंबक सोडायचा आणि वीस झोके होईपर्यंत कोणी उत्तर द्यायचं नाही.

"सर, मी थकलेय. एक खोटं खोडलं की दुसरं तयारच असतं."

"मीबी थकलेलोच शिकवत होतो, पोरी."

घंटा होते. मी डोकं उचलते. गालावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ. खिडक्या बंद आहेत. लंबक हलतोय.

मुलं आत येताहेत. सुमेध सर्वांत शेवटी, कॉलर मुठीत धरून.

"सुमेध, तो मेसेज तुझ्याकडे कुठून आला?"

तो जमिनीकडे बघतो. त्याचे वडील इथेच शिपाई आहेत.

"बाबांच्या मोबाइलवर आला, मॅडम. स्टाफच्या ग्रुपवर. प्राचार्य सरांनीच टाकला होता. मला वाटलं, खरंच असंल."

मागच्या बाकावर कोणीतरी उठतं. मी लंबकाकडे बोट दाखवते, गोळा ओढून सोडते आणि स्टॉपवॉच दाबते.

वीस झोके. चाळीस पूर्णांक दोन सेकंद. तेवढ्या वेळात कोणीही बोललं नाही.