जिजींची सुरत

भर बाजारात उलटी चालणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? आमच्या जिजी चालायच्या. सुरतेचा चौटा बाजार म्हणजे सरळ चालणाऱ्यालाही खांदे आखडून घ्यावे लागतात अशी अरुंद गल्ली. तिथे जिजी आमच्याकडे तोंड आणि गर्दीकडे पाठ करून चालत. मागून सायकल येवो, हातगाडी येवो नाहीतर गाय येवो, सगळे त्यांना वळसा घालून जात. धक्का कसा लागत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "गर्दीले डोया शेतस ना! मनी नजर तुम्हनावर पाहिजे. एखादी बांगड्यास्ना दुकानमा राही गई, तं तिना नवराले मी काय सांगू?"

आम्ही सुरतेच्या कडेला, बमरोलीला एका चाळीत राहायचो. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. चाळीत बहुतेक सगळे खानदेशातून मागावर काम करायला आलेले. जिजींचे मालक रंगाईच्या खात्यात होते. त्यांचे हात कधी निळे, कधी गुलाबी असायचे आणि ते जिजींच्या निम्म्यानेही बोलत नसत. जिजी मूळच्या शिरपूरकडच्या. बांध्याने बुटक्या, आवाजाने उंच. चाळीत नवी सून आली की कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी जिजी तिच्या दारात उभ्या राहात आणि सासूला सांगत, "आज तुम्हनी सून मनी." मग तिला आणि आणखी दोघीतिघींना घेऊन दिवसभर सुरतेचे बाजार दाखवत. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं.

त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. "सहेर पहानं नही, खानं पडस." त्यामुळे ती फेरी उपाशीपोटी निघे. घरून भाकरी बांधून घेतलेली त्यांना चालत नसे. एकदा रेल्वे क्वार्टर्समधली सुशीला आमच्याबरोबर आली. ती बौद्ध घरातली. आमच्यातली एक जण तिच्यापासून जरा सरकून बसली, खाण्याचं पानही तिने वेगळं मागितलं. जिजींनी एकच मोठं पान घेतलं, त्यावर गरम भजी ओतली आणि ते त्या दोघींच्या मधोमध धरलं. "कढई एकच व्हती ना? मंग पान बी एकच." भजी इतकी चांगली होती की सरकून बसलेली बाई हळूहळू परत सरकत आली. पुढे त्या दोघींचं असं जमलं की एकमेकींवाचून त्यांचं पान हलेना.

मी मात्र जिजींना बरेच दिवस दाद दिली नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा मला गुजराती अजिबात येत नव्हतं. नळावर बायका काही विचारत, मला वाटे त्या माझ्यावर हसताहेत. दिवसभर मागांचा खडखडाट. ह्यांची कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मी दार लावून बसे. जेवण जाईना. ह्यांनी खूप समजावलं, शेवटी तेही गप्प झाले. गावच्या कुणीतरी जाऊन माझ्या वडिलांना सांगितलं, तुमची पोर वाळून चालली. तसे आबा पुढच्याच गाडीने आले. डोक्यावर टोपी, हातात काठी, चेहरा उतरलेला. ओट्यावर टेकले न टेकले तोच ह्यांना म्हणाले, "जावई, राग मानू नका. मी पोरीला घेऊन जातो." ह्यांच्या डोळ्यांकडे मला पाहवेना. मला जायचंही होतं आणि गेले तर परत येणं होणार नाही, हेही कळत होतं.

जिजी शेजारच्या दारातून सगळं ऐकत होत्या. पदर खोचत सरळ आत आल्या. "आबा, एक दिन माले द्या. मंग तुम्हनी पोर खुशाल ली जावा."

"एका दिवसात काय होणार?" आबा म्हणाले.

"ते माले माहीत नही. तुम्ही बी चला."

अशा रीतीने चार बायका आणि एक टोपीवाला शेतकरी अशी आमची वरात निघाली. थंडीचे दिवस होते. भाजीबाजारात सुरती पापडीचे ढीग लागले होते. आबांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणा चावून पाहिला आणि विकणाऱ्या बाईला शुद्ध खानदेशीत विचारलं, पाणी किती दिवसांनी देता? ती गुजरातीत उत्तर देऊ लागली. दोघांचं इतकं लांबलं की जिजींना आबांची बाही धरून त्यांना ओढावं लागलं. पुढे पोंकवाल्याकडे कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, शेव आणि लिंबू. "हा तर आपला हुरडा!" आबा ओरडलेच. "आपलाच," जिजी म्हणाल्या, "फक्त अठे तेना लाड जास्त करतस." त्या हुरड्याची चव जिभेवर आली आणि कितीतरी दिवसांनी मला खरी भूक लागली.

दुपारी आम्ही तापीच्या पुलावरून पलीकडे रांदेरला निघालो. पुलाच्या मध्यावर आबा थांबले. आमचं गाव तापीच्या काठचं. कठड्याला धरून ते खाली बघत राहिले.

"हे आपलंच पाणी?"

"नही तं काय!" जिजी म्हणाल्या. "तुम्ही तठे बैल धोतस आन आम्ही अठे तेच पाणी पितस. जरा जपीसन धोत जा."

आबा असे हसले की त्यांची टोपी डोक्यावरून पडता पडता राहिली. मी त्यांना माझ्या लग्नातसुद्धा इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

रांदेरला एक म्हातारी आपल्या ओट्यावर खावसे विकायची. तिचं सगळं आयुष्य रंगूनला गेलेलं. तिकडचं दुकान गेलं, घर गेलं, तेव्हा ती मुलाबाळांसह आजोळच्या गावी परत आली होती. खावसे म्हणजे लांब शेवया, त्यावर नारळाच्या दुधाची पातळ पिवळी आमटी आणि वरून तळलेला लसूण. आबांनी पहिला घास घेतला आणि थबकले. "शेवया? आणि तिखट?" पण वाडगा मात्र चाटूनपुसून रिकामा केला.

जिजींनी म्हातारीला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ही घरी जाते म्हणतेय. म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मैं आई तो इधर का पानी भी मीठा नहीं लगता था, बेटी," ती म्हणाली. "लोग मेरी बोली पे हँसते थे. फिर मैंने ये पकाया. अब खाते हैं, तो हँसते नहीं." एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला आणखी थोडी आमटी हवी होती. जिजींकडे पाहिलं, तर त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. मग मी स्वतःच वाडगा पुढे केला आणि नळावर ऐकलेले शब्द जुळवले. "बा, थोडुं वधारे आपो ने." माझं पहिलं गुजराती वाक्य. म्हातारी हसली खरी, पण ते हसू माझ्यावरचं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर आबांनी पिशवी उचलली आणि विचारलं, "मग, काय करायचं बाळा? निघायचं?"

"पोंकाचे दिवस संपेपर्यंत थांबते," मी म्हणाले.

दाराशी उभे असलेले हे एकदम पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आबा एकटेच परतले. पिशवीत दोन शेर पापडी आणि शेजाऱ्यांना दाखवायला पोंक. त्यानंतर दर थंडीत ते यायचे. म्हणायचे, लेकीला भेटायला आलो. पण पिशवी ठेवली की आधी जिजींच्या दारात जायचे.

पुढे मी उडदाचे पापड आणि बिबड्या, म्हणजे ज्वारीचे आपले खानदेशी पापड, करून शहरातल्या भागळजवळच्या बाजारात बसू लागले. सुरुवातीला फक्त आपली खानदेशी माणसं घ्यायची. मग गुजराती बायकाही थांबू लागल्या. दरम्यान जिजींचे मालक थकले. त्यांची एकुलती एक मुलगी बारडोलीला होती, जावई साखर कारखान्यात. जिजी आणि मालक या दोघांनी तिकडे राहायला जायचं ठरलं. चाळीतल्या बायका रडल्या. जिजी म्हणाल्या, "बारडोली काय इलायतमा शे?"

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बाजारात त्यांचा आवाज ऐकू आला. मागे तीन नव्या सुना. जिजी सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मला जन्मात कधी पाहिलंच नाही असा चेहरा करून कडक गुजरातीत म्हणाल्या, "बेन, आ बिबडी केटलानी?"

मी भाव सांगितला.

"आटली मोंघी? अमारा गाममां तो गाय पण नथी खाती." म्हणे त्यांच्या गावात हे गायही तोंडाला लावत नाही!

"तो गामथी ज लई आवजो, बा," मी म्हणाले. मग आणा की गावाहूनच!

त्या निघून गेल्यासारखं करून परत आल्या. एक बिबडी मोडून चाखली, नाक मुरडलं, मालाला नावं ठेवली. मी तिळमात्र ढळले नाही. त्या सुना कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे पाहात होत्या. त्यांना वाटलं, आता भांडण होणार.

शेवटी जिजींनी मी सांगितलेल्या भावानेच बिबड्या घेतल्या, पदरात बांधल्या आणि त्या पोरींकडे वळल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच खणखणीत होता.

"पाह्यलं? हाई बाई सुरतनी शे."