काकूंच्या टाचा

"वर नका बघू. म्होरलीच्या टाचा बघा अन् चाला."

डोंगराच्या पायथ्याशी चपला काढल्या की काकू हे सांगायच्या आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे निघायच्या. म्हणजे बघायच्या त्या टाचा त्यांच्याच. काळ्याभोर, भेगाळलेल्या. आमच्या गल्लीतल्या बायकांना त्या चांगल्या पाठ झाल्या होत्या.

काकूंचं आमच्या शेजारी किराणा दुकान होतं. कपाळावर भस्म, तोंडात लवंग आणि उधारीवाल्याला बघून न बघितल्यासारखं करण्याची कला. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेलच. तिच्याशी भांडण परवडत नाही आणि तिच्यावाचून चालतही नाही.

दर नवरात्रात एकदा त्या गल्लीतल्या बायका घेऊन चालत देवीच्या डोंगराला जायच्या. वाटेतलं पाली गाव मागे टाकायचं, धरणाचं पाणी उजाडताना दिसायचं, मग डोंगर. नारळ घरूनच हातात घ्यायचा. तो पिशवीत घालायचा नाही आणि देवीपुढे जाईपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. शिवाय एका बाईच्या हाती एकच नारळ. मैत्रीण दमली तरी तिचा आपण घ्यायचा नाही.

आता एवढ्या वाटेत चहा लागतो, पदर सुटतो, झाडाआड जावं लागतं. तिथे मी कामाला यायचे. आमचं घर बौद्ध. आमच्याकडे देव नाही, नवस नाही, म्हणून माझे हात रिकामे. पहिल्या वर्षी मी काकूंना म्हणाले, "मी येऊन काय करू? मी काही हात जोडणार नाही."

"नको जोडू. मी कुठं जोड म्हनले? माज्यासंग चाल. कुनाचे तरी हात मोकळे पाहिजेत की."

तेव्हापासून मी त्या घोळक्याची खुंटी झाले. एक जण नारळ देऊन जायची, परत येऊन घ्यायची, मग दुसरी. बायका हसायच्या, मीही हसायचे. पोस्टातल्या रजेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नव्हता.

काकूंचा मुलगा कडा गावच्या साखर कारखान्यावर उसाचा ट्रक चालवायचा. "कावून एवढं चालता, कशापायी?" असं एकदा मी त्यांच्याच बोलीत विचारलं. म्हणाल्या, "त्यो वरीसभर रस्त्यावर आस्तो. म्हून एक दिवस त्याच्यासाठी मी रस्ता चालते. हिशेब हाय आमचा, देवीचा अन् माजा."

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे सुजले होते. मुलगा जीप करून देतो म्हणत होता. त्यांनी त्याला दुकानातून हाकलून दिलं. अर्ध्या डोंगरावर, कडुनिंबाच्या वळणावर, त्या एकदम थांबल्या. दगडावर बसल्या आणि त्यांनी मान वर करून देवळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना वर बघताना पाहिलं नव्हतं.

"न्हाई व्हायचं आता," त्या म्हणाल्या. नारळ छातीशी धरलेला. बायका भोवती जमल्या. प्रत्येकीच्या हातात आपापला नारळ होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, पण तोंडाने काही मागितलं नाही. आपणहून मागणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मीच हात पुढे केले.

"तुला चालंल का गं?"

"द्या काकू. हात मोकळेच आहेत."

वर पुजाऱ्याने विचारलं, "कुणाचा?" मी म्हणाले, "खाली बसलेल्या आईचा. मुलगा ट्रकवर आहे." त्याने नारळ फोडला आणि अर्ध्या नारळाची कवड माझ्या हातात दिली.

खाली आले तेव्हा काकू त्याच दगडावर होत्या. देवळात मी हात जोडले की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

"टेकवला न्हाईस ना कुठं?"

"नाही."

मग कितीतरी वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही. खोबऱ्याचा पहिला तुकडा मोडून त्यांनी मला दिला. तेवढं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दुकानाचं शटर अजून बंद आहे.

यंदाच्या नवरात्रात आम्ही निघालो. पायथ्याशी चपला काढल्या आणि पुढे कोणी जायचं, यावर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी मलाच पुढे केलं. समोर टाचा नव्हत्या, म्हणून मी वर पाहिलं. डोंगर एवढा उंच आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.