भागीरथाबाईच्या घरचा वास

माही जाऊ भागीरथाबाई. तिच्या घरात कुबट वास येते हे साऱ्या गावाले मालूम होतं. पण तोंडावर बोलून दाखवलं ते दीपालीच्या सासूनं. दीपाली म्हणजे बाईची एकुलती एक पोरगी, ब्रह्मपुरीकडे दिली. दिवाळी झाल्यावर ओटी भरायले आणली होती. घरात पाय ठेवला आन पोरगी तोंडाले पदर लावून आंगणात वकायले पळाली. सासूनं भिंतीवर हात फिरवला, हुंगला आन म्हणे, "राग नोका मानू बाई, पण या वासात मी ओली बाळंतीण नाई ठेवत. बाळंतपण आमच्याच घरी करू."

पहिलं बाळंतपण आन माहेरी नाई? मंग आई कायले असते? मले असा राग आला का वाटलं, तिच्या हातातला चहा परत घ्यावा. बाई मात्र गप राह्यली. अन् ती गप बसणाऱ्यातली नाई बरं. धानाच्या रोवण्यात बांधीत उतरली का बाकीच्या बायाईचं तोंड बंद. तेंदूपत्त्याच्या फळीवर, पुडे मोजून घेतात तिथं, मुनशीनं पुडा कमी धरला, तं तिनं त्याले भर उन्हात उभं करून परत मोजायले लावला होता. ती बाई त्या दिवशी खाली मान घालून पाव्हण्याईच्या उष्ट्या कपबशा उचलत होती.

पाव्हणे गेले आन तिनं खराटा उचलला. वाकळा धुतल्या. पेट्या उन्हात उघड्या टाकल्या. पोपडे खरवडून भिंतीले चुना मारला. फिनाईल एवढं ओतलं का कोंबड्या वट्यावर चढनात. कडुनिंबाचा पाला जाळला, तं धुरानं आमीच डोळे चोळत बाहेर. एक-दोन दिवस बरं वाटे, मंग वास जसाच्या तसा.

आन सल्ले देणारे तं विचारूच नोका. शेजारची बुधरी म्हणे छपराचे कवेलू फेरा. कोणी म्हणे ओल जमिनीतून येते, फरशी टाका. माहा नवरा इसरू मोहर्लीले सफारीची जिप्सी चालवते, त्याले हॉटेलातलं सगळं मालूम. तो फुसफुस मारायचा डबा घेऊन आला. म्हणे, "वयनी, याचा गुलाबावानी वास येते." मारला. आता घरात गुलाबही आन कुबटही. मेलेल्या उंदरावर अत्तर ओतल्यावानी झालं.

मले राग याचा येते का वास कुठून येते हे सगळ्याईले मालूम होतं. मागचं दार बंद होतं, म्हणून येत होता. दुसरं काई नाई.

आमचे भासरे, बाईचे मालक लटारूभाऊ, त्याच दारातून सकाळी घरामागच्या सांदवाडीत गेले होते आन आले नाईत. मोठ्यानं नेलं. आमच्याकडे वाघाचं नाव घरात घेत नाईत. घेतलं का येते म्हणतात, म्हणून 'मोठा' म्हणायचं. त्या दिवशी इसरूनं दाराले आडव्या फळ्या ठोकल्या, बाजूची खिडकी विटामातीनं बुजवली, वरून धानाची पोती रचली. इकडची हवा तिकडं जाणं बंद. अन् जसं त्याचं नाव घ्यायचं नाई, तसं त्या दाराचंही नाव बंद पडलं. 'तिकडची बाजू' म्हणायचो आमी. आता ज्या दाराचं नाव घ्यायची चोरी, ते उघडा म्हणून कोण सांगन? म्हणून हे फिनाईल आन हे गुलाब.

इसरूनं तिसऱ्यांदा डबा मारला तसा बाईनं त्याच्या हातातून हिसकला आन आंगणात भिरकावला.

"भाऊजी, सब्बल आणा."

"कायले?"

"दार काढतो."

"वयनी, डोकं ठिकाणावर हाय का? तिकडून मोठा..."

"वाघ," बाई म्हणे. चुलीजवळ उभी राहून म्हणे. "वाघ म्हणा. वाघानं माह्या माणसाले नेलं. दार तं तुमी नेलं. आन आता त्यापायी माही लेकही चालली."

इसरू काई सब्बल आणायले गेला नाई.   बाईनंच जाऊन आमच्या घरून ती लोखंडी सब्बल आणली.

मी पोती ओढली. खालची काळी पडली होती, हात लावला का बोटं बुडत. भिंत गुडघ्याएवढी ओली. फळ्या निघाल्या, पण दार फुगून बसलेलं. बाईनं लाथ मारली. परत मारली. शिव्या देत मारली, मोठ्याले का आमाले ते तिलेच मालूम. उघडलं तं ऊन थेट चुलीपर्यंत आलं.

सांदवाडीत रायमुनियाची झुडपं माणसाच्या वर गेली होती. बाई इळा घेऊन उतरली. थोड्या वेळानं इसरू कुऱ्हाड घेऊन गेला, तोडत राह्यला. मंग त्यानंच कुंपणाले जाळी बांधली आन खिडकीच्या विटा काढल्या. आता दार दिवसा उघडं, सांज व्हायच्या आत कडी. भिंत हळूहळू वाळली. वास कधी गेला ते समजलंही नाई.

दीपालीले घेऊन सासू परत आली. भिंतीवर हात फिरवला, हुंगला, आन चहा मागितला. मी साखर जराशी कमीच टाकली.

दीपाली चुलीजवळ बसली. मागचं दार तिनं बाप गेल्यापासून उघडं पाह्यलंच नव्हतं. पाहत राह्यली, मंग पाठ फिरवून रडायले लागली.

"रड," बाई म्हणे, "पण दाराकडं तोंड करून रड. वारा येऊन राह्यला."